एमसीएची प्रवेशपरीक्षा: अकरावीचं पुस्तक आधी उघडा

मी तासगावात पदवीच्या वर्गांना गणित शिकवते. दरवर्षी श्रावण सरला की टीवायची, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाची मुलं स्टाफरूमच्या दाराशी घुटमळायला लागतात. "मॅडम, एमसीएची एन्ट्रन्स द्यायचीय, कुठलं पुस्तक घेऊ?" एमसीए म्हणजे संगणकातली पदव्युत्तर पदवी, आणि तिच्यासाठी त्यांना जाडजूड गाइडचं नाव हवं असतं. मी त्यांना बालभारतीचं अकरावीचं गणिताचं पुस्तक आणायला सांगते आणि त्यांचे चेहरे उतरतात. रिंग थिअरी आणि मेट्रिक स्पेस शिकणाऱ्या मुलाला अकरावीचं पुस्तक म्हणजे मागच्या बाकावर बसवल्यासारखं वाटतं. पण या परीक्षेत रिंग थिअरी येत नाही. येतात त्या परवलयाच्या नाभी, द्विपद विस्तारातलं मधलं पद, दोन फाशांची संभाव्यता. आणि तीन वर्षांत हे सगळं हातातून निसटलेलं असतं.

हा लेख मुख्यतः अशा मुलामुलींसाठी आहे, जी तालुक्याच्या गावी बीएस्सी किंवा बीसीए करतायत आणि पुण्याला जाऊन क्लास लावणं ज्यांच्या घरच्यांना परवडत नाही. तयारी घरून होऊ शकते. फक्त ती कशाची करायची आणि कुठल्या क्रमाने, हे आधी पक्कं असायला हवं.

आधी परीक्षा कुठल्या ते बघू. महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी राज्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षा (सीईटी) कक्षाची एमसीए सीईटी. मुंबईचं व्हीजेटीआय, एसपीआयटी ही कॉलेजं यातूनच मिळतात. दुसरी निमसेट, म्हणजे एनआयटी या केंद्राच्या तंत्रज्ञान संस्थांची सामाईक परीक्षा. तिरुचिरापल्ली, वरंगळ, सुरतकल, अलाहाबाद, भोपाळ, रायपूर, कुरुक्षेत्र, जमशेदपूर अशा एनआयटींमधल्या एमसीएच्या जागा तिच्यावर भरतात. नागपूरची व्हीएनआयटी या यादीत नाही. म्हणजे निमसेट द्यायची तर राज्याबाहेर जायची मनाची आणि घरच्यांची तयारी हवी. २०२०-२१ पासून एमसीए दोन वर्षांचं झालंय, त्यामुळे पूर्वीसारखं एक वर्ष जास्त जातं हा आक्षेप आता राहिलेला नाही.

सीईटीला १०० प्रश्न, २०० गुण आणि ९० मिनिटं. गणित व संख्याशास्त्राचे ३०, तर्कशक्तीचे ३०, इंग्रजीचे २० आणि संगणकाचे २० प्रश्न. भागाकार केला तर एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात. निमसेटला १२० प्रश्न आणि दोन तास, पण तिथे गुणांची विभागणी अगदी वेगळी आहे आणि तीच बहुतेक मुलं नीट वाचत नाहीत. अलीकडच्या पद्धतीप्रमाणे गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी १२ गुणांना, तर्कशक्तीचे ४० प्रत्येकी ६ गुणांना, संगणकाचे २० तेही ६ गुणांना आणि इंग्रजीचे १० प्रत्येकी ४ गुणांना. बेरीज १०००, त्यातले ६०० एकट्या गणिताचे. गणिताचा एक प्रश्न म्हणजे तर्कशक्तीचे दोन किंवा इंग्रजीचे तीन. शब्दसंग्रहाच्या याद्या पाठ करत बसलेली मुलं मला दिसतात तेव्हा मी हा हिशेब फळ्यावर मांडते.

निमसेटला चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापतात. गणितात १२ मिळतात आणि चुकलं तर ३ जातात. चार प्रश्न डोळे मिटून ठोकले, तर सरासरीने एक बरोबर येईल, तीन चुकतील, म्हणजे १२ वजा ९, हाती ३. नशिबाने दगा दिला तर तेही नाहीत. पण दोन पर्याय खात्रीने खोडता आले आणि उरलेल्या दोनांतून निवड करायची वेळ आली, तर दोन प्रश्नांमागे १२ वजा ३, म्हणजे ९ गुण. म्हणून पर्याय खोडायला शिकणं हे सूत्रं पाठ करण्याइतकंच महत्त्वाचं आहे. सीईटीचे गुण कापण्याचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचायचे. मागच्या वर्षी देऊन आलेल्या दादाच्या सांगण्यावर जायचं नाही.

आता पुस्तक. बालभारतीची अकरावी-बारावीची कला व विज्ञान शाखेची गणिताची चारही पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. तरी मी जुनी छापील प्रत घ्यायला सांगते. शेजारच्या बारावी झालेल्या पोराकडे ती पडलेलीच असते, आणि समासात लिहिता येतं. पहिल्या प्रकरणापासून ओळीने जायचं नाही. सुरुवात संच आणि संबंध या प्रकरणापासून करा, ते अकरावीच्या दुसऱ्या भागात आहे. त्याला लागून बारावीचं गणिती तर्कशास्त्र घ्या. आणि त्याच आठवड्यात संगणकाच्या अभ्यासक्रमातलं बूलियन बीजगणित.

असं का, ते एका उदाहरणावरून सांगते. संचांत आपण शिकतो की अ आणि ब यांचा छेद घेऊन त्याचा अ शी संयोग केला, तर अ च मिळतो. तर्कशास्त्रात तेच 'प किंवा (प आणि क)' म्हणजे फक्त 'प' असं येतं. बूलियनमध्ये अ + अब = अ. नियम एकच आहे, चिन्हं तेवढी बदलली. डी मॉर्गनचे दोन्ही नियमही तिन्हीकडे जसेच्या तसे भेटतात. एकदा व्हेन आकृती काढून पटवून घेतलं की तीन प्रकरणांचं काम एका बैठकीत होतं, आणि हे गुण दोन वेगवेगळ्या विभागांत मिळतात. कित्येक मुलं बूलियन 'कॉम्प्युटरवाल्यांचं' म्हणून सोडतात. बीएस्सी गणिताच्या मुलाने तर ते सोडूच नये.

त्यानंतर क्रमचय-संचय, संभाव्यता आणि विचलनाची मापनं. हा गट सीईटीलाही चालतो आणि निमसेटलाही. मग श्रेढी, द्विपद प्रमेय, वर्गसमीकरणं, सारणिक आणि आव्यूह. भूमितीत आधी सरळ रेषा आणि वर्तुळ पक्कं करा. शांकव (परवलय, लंबवर्तुळ वगैरे) निमसेटसाठी लागतातच, पण रेषा कच्ची असताना ते घेऊन उपयोग नाही. त्रिकोणमिती, मग सदिश, आणि शेवटी कलन. कलन शेवटी ठेवते, कारण बीएस्सीच्या मुलांचा त्यात हात थोडाफार चालू असतो. उलट क्रमचय-संचय बारावीनंतर कुणी उघडलेलंच नसतं.

प्रत्येक प्रकरणाची सोडवलेली उदाहरणं आधी झाकून स्वतः करायची, अडलं तरच बघायची. मग संकीर्ण प्रश्नसंग्रहातले बहुपर्यायी प्रश्न. ते झाल्याशिवाय निमसेटच्या जुन्या प्रश्नपत्रिकांना हात लावू नका. लवकर हात लावला की पाचातले चार प्रश्न सुटत नाहीत आणि मूल घाबरून पुस्तक मिटतं. हे मी वारंवार पाहिलंय.

बहुपर्यायी गणित सोडवायची रीत वेगळी असते, आणि ती आपल्याकडे वर्गात शिकवली जात नाही. विद्यापीठाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, इथे फक्त उत्तराला. समजा विचारलं की, साइन थीटाचा सहावा घात, अधिक कॉस थीटाचा सहावा घात, अधिक तीन गुणिले साइन वर्ग गुणिले कॉस वर्ग, याची किंमत किती? पर्यायांत १ आहे, कॉस २ थीटाचा वर्ग आहे, आणखी दोन आहेत. विस्तार करत बसायचं नाही. थीटाला किंमत द्यायची. शून्य अंश घेतले तर राशी १ येते, पण कॉस २ थीटाचा वर्गही १ च येतो, दोन पर्याय वेगळे होत नाहीत. ४५ अंश घ्या. सहावे घात प्रत्येकी एक अष्टमांश, दोन मिळून पाव. तिसरं पद तीन गुणिले पाव, म्हणजे पाऊण. बेरीज १. आणि ४५ अंशांना कॉस २ थीटाचा वर्ग शून्य. तो पर्याय बाद. उरलेले दोन पर्यायही याच किमतीला तपासायचे. वीस सेकंदांत काम होतं. सोयीची म्हणून शून्य किंमत सगळेच घेतात, पण ती बरेचदा पर्यायांत फरक करत नाही. ३०, ४५ ची सवय लावून घ्या. श्रेढीच्या बेरजेच्या सूत्रात न ला १ आणि २ देऊन पाहणं, सारणिकात अ, ब, क यांना छोटे अंक देऊन पाहणं, हे सगळं याच रीतीतलं.

मात्र ही युक्ती पाया नसलेल्याला वाचवत नाही. प्रश्नात थीटा किंवा न सारखं अक्षरच नसलं, नुसते आकडे असले, की किंमत टाकून काही होत नाही, सरळ सोडवावंच लागतं. म्हणून आधी पुस्तक, मग युक्ती.

आता आपल्या भागाचं बोलते, कारण वेळापत्रक पुण्याच्या क्लासच्या जाहिरातीवरून बनवलं की ते इथे टिकत नाही. आमच्याकडे द्राक्षाचा हंगाम साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालतो. सावळजपासून तासगावपर्यंत ज्यांच्या घरी बाग आहे, त्या घरातलं प्रत्येक माणूस त्या दिवसांत बागेत नाहीतर बेदाण्याच्या शेडवर असतं. आणि सीईटी येते साधारण मार्चमध्ये. "फेब्रुवारीत रोज आठ तास अभ्यास" असं कागदावर लिहून काय उपयोग, बागेत व्यापारी आला की पोराला जावंच लागतं. त्यामुळे आमच्याकडे नवीन शिकायचं सगळं संक्रांतीच्या आत संपवायचं. हंगामात फक्त उजळणी आणि प्रश्नपत्रिका. पहाटेचे दोन तास हक्काचे धरायचे, घरच्यांना ते आधी सांगून ठेवायचे, आणि परीक्षेआधीचे दहा दिवस बागेतून सुट्टी मागून घ्यायची. ही गोष्ट दिवाळीतच आईवडिलांशी बोलून ठेवा. मार्चमध्ये ऐनवेळी मागितली तर भांडण होतं. तुमच्याकडे ऊस असेल, कांदा असेल, दुकान असेल, तर त्याचा हंगाम बघून तुमचं वेळापत्रक बसवा.

सीईटी झाली की निमसेटपर्यंत, म्हणजे साधारण जूनपर्यंत वेळ मिळतो. पण मध्ये सहाव्या सत्राची परीक्षा असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. निमसेटला पदवीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. शिवाय पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो. ५८ टक्क्यांवर अडकून बसलेलं मूल गणितात कितीही तयार असलं तरी दाराबाहेरच राहतं. एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, बॅकलॉग असेल तर तो आधी काढा.

बीसीएच्या मुलांचा प्रश्न उलटा असतो. त्यांना संगणक येतो, गणिताची भीती असते. बारावी कॉमर्सकडून आलेल्या मुलीला मी थेट अकरावीचं पुस्तक देत नाही. दहावीचं बीजगणित देते. अवयव पाडणं, वर्गसमीकरण, घातांकाचे नियम, अपूर्णांक. दोन-तीन आठवडे जातात, पण मग अकरावीचं पुस्तक परकं वाटत नाही. आणि तिने पूर्ण कलन करायचा हट्ट धरू नये. सीईटीसाठी संच, संभाव्यता, संख्याशास्त्र, श्रेढी, आव्यूह एवढं घट्ट केलं, तर्कशक्ती आणि संगणक हाताशी असला, तर चांगलं कॉलेज मिळवण्याइतके गुण होतात. निमसेटचा विचार तिने एसवायपासून केला असेल तरच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

संगणकाच्या विभागाला गणिताची मुलं उगाच घाबरतात. त्यातला मोठा वाटा संख्यापद्धतींचा असतो, तो आपलाच प्रांत. द्विमान (बायनरी) १०११०११ चं षोडशमान (हेक्साडेसिमल) करायचं? उजवीकडून चार-चारचे गट पाडा: ०१०१ आणि १०११. पहिला ५, दुसरा ११ म्हणजे बी. उत्तर ५बी, दशमानात ९१. ऋण संख्या टूज कॉम्प्लिमेंटमध्ये लिहायची तर पुस्तकात सांगतात की सगळे अंक उलटा आणि १ मिळवा. परीक्षेत त्याहून जलद रीत वापरा. ३७ म्हणजे आठ बिटांत ००१००१०१. उजवीकडून पहिला १ येईपर्यंत, तो १ धरून, सगळं जसंच्या तसं ठेवा, त्याच्या डावीकडचं सगळं उलटा. ११०११०११. झालं उणे ३७. आठ बिटांत उणे १२८ पासून १२७ पर्यंत संख्या बसतात, हे का ते एकदा समजून घ्या, कारण ओव्हरफ्लोचे, म्हणजे उत्तर तेवढ्या बिटांत न मावण्याचे, प्रश्न तिथूनच येतात. बाकी मेमरीचे प्रकार, सीपीयूचे भाग, ऑपरेटिंग सिस्टिमची कामं, हे वाचून होणारं आहे. बीसीएच्या मैत्रिणीच्या वह्या घ्या, बदल्यात तिला संभाव्यता शिकवा. माझ्याकडे अशा जोड्या चांगल्या जमतात.

तर्कशक्तीला पुस्तकापेक्षा सराव लागतो, पण सरावालाही थोडी पद्धत हवी. कॅलेंडरचा एक प्रश्न घेऊ. २६ जानेवारी २०२५ ला रविवार होता, तर त्याच वर्षी १५ ऑगस्टला कुठला वार? बोटांवर महिने मोजत बसलात तर दोन मिनिटं गेली. प्रत्येक महिन्याचे फक्त सातने भागून उरणारे दिवस घ्या. जानेवारीचे उरलेले ५, फेब्रुवारीचे २८ म्हणजे ०, मार्च ३, एप्रिल २, मे ३, जून २, जुलै ३, ऑगस्टचे १५ म्हणजे १. बेरीज १९, सातने भागून उरले ५. रविवारपासून पाच पुढे, शुक्रवार. सरावाने हे पंधरा सेकंदांचं काम होतं. गोल टेबलाभोवती बसवायच्या प्रश्नांत मात्र घाई नको. पाच प्रश्न एकाच मांडणीवर असतात, मांडणी चुकली की पाचही गेले. तिथे आधी ज्यांच्या जागा पक्क्या आहेत ती माणसं बसवा, 'शेजारी नाही' अशा अटी शेवटी लावा, आणि तोंड आत आहे की बाहेर हे पेन्सिलने वर लिहून ठेवा. बाहेर तोंड असेल तर डावं-उजवं फिरतं.

मराठी माध्यमातून आलेली मुलं मला विचारतात, इंग्रजीचं काय करू? मला त्या वीस किंवा दहा प्रश्नांची काळजी नाही. काळजी आहे ती गणिताचा प्रश्न इंग्रजीत वाचण्याची. तीन नाणी फेकली. 'एक्झॅक्टली टू हेड्स' असेल तर उत्तर तीन अष्टमांश. 'ॲट लीस्ट टू' असेल तर एक द्वितीयांश. 'ॲट मोस्ट टू' असेल तर सात अष्टमांश. पेपर काढणारा तिन्ही उत्तरं पर्यायांत ठेवतो. गणित येतं, सोडवलंही बरोबर, आणि गुण गेले. 'नॉट', 'एक्सेप्ट', 'डिस्टिंक्ट', 'कॉन्सिक्युटिव्ह', 'रिस्पेक्टिव्हली', 'विदाउट रिप्लेसमेंट' असे शब्द वहीच्या मागच्या पानावर जमवा, प्रत्येकापुढे एक गणित लिहा. उताऱ्यांसाठी रोज एका इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख, अर्थ न शोधता एकदा पूर्ण वाचायचा, मग दुसऱ्या वाचनात अडलेले शब्द. तेवढं पुरतं.

दोन्ही परीक्षा संगणकावर होतात. मोबाइलवर प्रश्न सोडवायची सवय असलेली मुलं पहिल्यांदा मोठ्या पडद्यासमोर बसली की त्यांची मान वरखाली होत राहते, पडद्यावरचं कागदावर उतरवताना चिन्हं बदलतात, उणेचं अधिक होतं. म्हणून सराव चाचण्या कॉलेजच्या लॅबमध्येच द्या. शनिवारी दुपारी लॅब रिकामी असते, विभागप्रमुखांना अर्ज दिला तर बहुधा कुणी नाही म्हणत नाही. कच्च्या कामाचा कागद दोन घड्या घालून चार चौकोनांत वापरायचा, प्रत्येक गणिताला प्रश्नक्रमांक घालायचा. शेवटच्या दहा मिनिटांत परत यायचं झालं तर आपलंच गणित सापडायला हवं.

चाचणी झाली की गुण बघून सोडून देऊ नका. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत घ्या आणि पुढे कारण लिहा: येतच नव्हतं, येत होतं पण वेळ लागला, की वाचताना चुकलं. माझा अनुभव असा की चांगल्या मुलांचे निम्मे गुण तिसऱ्या कारणाने जातात. त्यांना आणखी एक पुस्तक नको असतं, प्रश्न शेवटपर्यंत वाचायची शिस्त हवी असते. आणि गणितातला एखादा प्रश्न दीड मिनिटात दिशा दाखवत नसेल तर खूण करून पुढे जायचं. अलीकडे निमसेटला विभागवार वेळ बांधून दिलेली असते, एका विभागात वाचवलेला वेळ दुसऱ्यात नेता येतो की नाही हे पुस्तिकेत वाचूनच चाचण्या आखा.

क्लास लावावा का? फक्त सीईटी द्यायची असेल आणि गणित बरं असेल, तर नको. तो पैसा पहिल्या वर्षाच्या वसतिगृहाला ठेवा. निमसेटचं लक्ष्य असेल तर एखादी ऑनलाइन चाचणीमालिका मात्र घ्या, कारण ती देशभरातली स्पर्धा आहे. आपण त्यात कुठे उभे आहोत हे तासगावात बसून कळत नाही. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो, तेही घरच्यांना समजावून सांगा. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हे. शंभरातल्या ९५ जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एका वडिलांनी ८८ ऐकून पेढे वाटले आणि हवं ते कॉलेज मिळालं नाही तेव्हा मुलीवरच रागावले. त्यात तिचा काय दोष?

अभ्यासाइतकंच महत्त्वाचं काम कागदपत्रांचं आहे, आणि इथे माझा जीव दरवर्षी तुटतो. मेहनतीने गुण मिळवलेलं मूल एका दाखल्यापायी खुल्या प्रवर्गात ढकललं जातं. दिवाळीच्या सुट्टीत सेतू केंद्रात जा. अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, जात वैधता, ज्यांना लागू आहे त्यांनी नॉन-क्रिमिलेअर, किंवा ईडब्ल्यूएस. प्रत्येकावरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा. निमसेटसाठी ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातला, त्या आर्थिक वर्षातला ताजा दाखला लागतो, राज्याचा तिथे चालत नाही. राज्यातले प्रवर्ग आणि केंद्राची यादी वेगळी आहे. भटक्या-विमुक्तांतल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, तेव्हा आपली जात त्या यादीत आहे का ते बघून तहसीलमध्ये तोच नमुना मागा. एप्रिल उजाडला की पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका, नंतर तिथे रांगा लागतात.

निमसेटला बसणाऱ्या मुलींच्या घरच्यांशी मी स्वतः बोलते. जमशेदपूर, कुरुक्षेत्र ही नावं ऐकून आईचा चेहरा पडतो. मी त्यांना सांगते की वसतिगृह संस्थेच्या आवारातच असतं, तिथे शिकत असलेल्या एखाद्या मुलीशी फोनवर बोला. पण हे बोलणं निकालानंतर करायचं नाही. जागा मिळाल्यावर "एवढ्या लांब नको" म्हणून घरी बसलेली हुशार मुलगी बघणं फार जड जातं. पसंतीक्रम भरताना, घरचे पाठवणारच नाहीत अशी एनआयटी यादीत घालू नका, आणि पाठवणार असतील तर केवळ लांब आहे म्हणून खाली ढकलू नका. राज्याच्या कॅप फेरीत, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं. त्यामुळे पहिल्या ओळीत तेच लिहा जिथे खरंच जायचंय. 'मिळणार नाही, तरी टाकून बघू' असं म्हणून पहिली ओळ भरू नका.

शेवटची अडचण सहाव्या सत्राच्या निकालाची. प्रवेशाची तारीख येते आणि विद्यापीठाचा निकाल लागलेला नसतो. पाचव्या सत्रापर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका एका फाइलमध्ये लावून ठेवा, 'अंतिम परीक्षा दिली आहे, निकाल प्रतीक्षेत' असं प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्या, आणि पदवीचा निकाल कुठल्या तारखेपर्यंत सादर करायची मुभा आहे ते प्रवेशपत्रकात शोधून कॅलेंडरवर लिहा. शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजातून मूळ स्वरूपात काढला की त्याच्या चार छायाप्रती करून साक्षांकित करून घ्या, कारण मूळ दाखला एकदा तिकडे जमा केला की परत लवकर हाती येत नाही.